तळ्यातला दाढदुख्या

त्या उन्हाळ्यात अख्खं इंग्लंड पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं. मी तळ्याकडे.

तळं म्हणजे फार काही नव्हे. आमच्या किंग्ज थॉर्बी गावाच्या खालच्या अंगाला राजाचं कुरण आहे, त्याच्या उतारावर पायथ्याशी घोड्यांना पाणी पाजायचं एक डबकं. घोडे जाऊन ट्रॅक्टर आले तरी नाव घोडतळंच राहिलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतं. जूनमध्येच मी त्यात घेवड्याच्या वेलाची एक काठी रोवली, तिला सुरीने खाचा पाडल्या, आणि रोज सकाळी चहा ओतायच्या आधी त्या मोजू लागले. जुलैच्या मध्यावर सात खाचा पाण्याखाली होत्या. ऑगस्ट लागला तेव्हा तीन.

पाण्याखाली काय आहे ते मला ठाऊक होतं. चोपन्न वर्षांपूर्वी मीच ते तिथे ढकललं होतं.

माझं नाव हेस्टर रड. तेव्हा, म्हणजे शहात्तर साली, मी त्रेसष्ट वर्षांची होते. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, आणि गावाच्या मते फटकळ तोंडाची. गावाचं मत बरोबर आहे.

राजाचं कुरण हे नाव उगाच पडलेलं नाही. सातशे वर्षांपूर्वी तिथे राजाचं घर होतं. राजवाडा नव्हे, राजाला हरणं मारायची हुक्की आली की चार दिवस येऊन राहायचं घर. मोठं दगडी दालन, एक प्रार्थनाघर आणि दोन स्वयंपाकघरं, त्यातलं एक नुसतं मांस भाजायला. (हे मला नेहमीच पटत आलं आहे.) एका राजाने ते बांधलं. त्याच्या मुलाला ते आवडलं नाही. नातवाने राणीला दिलं. राणी एकदाच आली आणि गारठ्याने शिंकत परत गेली. मग पुढच्या कुण्या राजाने ते एका लाडक्या सरदाराला बक्षीस दिलं, आणि त्या दिवट्याने पहिल्याच वर्षी छपरावरचं शिसं उतरवून विकलं. छप्पर गेलं की घर पावसाचं, आणि पावसाने सैल केलेला दगड गावाचा. आमच्याकडे असं मानतात.

तर गावाने ते घर चिमूट चिमूट करून संपवलं. व्हीटशीफ पबची शेकोटी राजाची. पोस्टाची पायरी राजाची. जेपसनच्या डुकरांच्या खोपटाला प्रार्थनाघराची तीन पाकळ्यांची खिडकी आहे, आणि डुकरं तिच्यातून मोठ्या भक्तिभावाने बाहेर बघतात. कुरणात उभी राहिली ती एकच भिंत, दोन पुरुष उंच, वर गवत वाढलेली.

यातला कुठलाही दगड कुणाचा असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: “आम्ही आलो तेव्हा इथेच होता.” पोरांना हे पाढ्यांच्या आधी शिकवतात. कारण माझ्या पणजोबांच्याही आधी कधीतरी राजाचा कारभारी वही घेऊन आला होता म्हणे. त्याने घरोघरचे दगड मोजले, आणि ज्याच्याकडे सापडले त्याला ते उपटून स्वतःच्या पाठीवरून कुरणात परत न्यायला लावले. दोन घरं त्यात बसली. खरंखोटं त्या कारभाऱ्यालाच ठाऊक, पण वही घेतलेलं माणूस दिसलं की किंग्ज थॉर्बीला अजून घाम फुटतो.

आणि त्या जुलैत मिस व्हेनेबल्स वही घेऊन आली.

झालं होतं असं, की कुरणाखाली खडी आहे. एका कंपनीला ती उपसायची होती. सहा सप्टेंबरला जिल्ह्याच्या गावी सुनावणी ठेवलेली. कुरण गेलं असतं तर खड्ड्याची कड माझ्या परसापासून चाळीस पावलांवर आली असती. कंपनीचा माणूस मला समजवायला आला होता. म्हणाला, “बाई, खोदून झालं की तिथे मोठं तळं होईल, बदकं येतील.” मी म्हटलं, “बदकं आहेत. तुम्ही निघा.” पण तो गेल्यावर मी परसापासून चाळीस पावलं मोजून आले. त्या घरात मी जन्मले, त्या भिंतीकडे बघत मी आयुष्यभर भांडी घासली. ती भिंत नसलेली खिडकी मला नको होती.

जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या खात्याने मिस व्हेनेबल्सला पाठवलं होतं. तीस-एक वर्षांची, सायकलवर फिरणारी, उन्हाने नाकाची सालं निघालेली. माझ्या वरच्या खोलीत ती राहायला होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती मला ओढतच कुरणाच्या वरच्या बांधावर घेऊन गेली.

“मिस रड, बघा. आता बघा!”

पाऊस नव्हता म्हणून गवत वाळलं होतं, आणि जिथे जमिनीखाली भिंतींचे पाये होते तिथे ते सगळ्यात आधी वाळलं होतं. हिरवट कुरणावर पिवळ्या रेघांनी आखल्यासारखं अख्खं घर पडलं होतं. मोठं दालन. प्रार्थनाघराची गोल पाठ. दोन्ही स्वयंपाकघरं. इतक्या पिढ्यांनी दगड उचलून नेले, आणि घर काही गेलं नव्हतं.

“मग झालं की काम!” मी म्हटलं. “हेच दाखवा त्यांना.”

“फोटो दाखवले. कंपनीचा तज्ज्ञ म्हणतो, मेंढ्यांचे जुने वाडगे आहेत आणि पाण्याचे चर.” तिने नाकावरचं साल ओढलं. “मला कोरीव दगड हवेत. मेंढ्यांसाठी कुणी नक्षी कोरत नाही. दगड गावातच आहेत ना?”

“असतील.”

“तुम्ही आलात तेव्हा इथेच होते?” ती म्हणाली. पोरगी मठ्ठ नव्हती.

पण गावाने तिला दगड दाखवले नाहीत. जेपसनने खिडकीवर खताची पोती टांगली. पबवाल्याने भर उन्हाळ्यात शेकोटीपुढे लाकडांची रास रचली. पोस्टवाल्या माव्हिसने पायरीवर पायपुसणं घातलं, आणि दाराच्या चौकटीतल्या कोरीव पानांवर राज्याभिषेकाच्या वर्षीचा छापील टॉवेल खिळे ठोकून लावला. ज्यांच्यावर खड्ड्याची धूळ उडणार होती तेच लोक कुरण वाचवायला आलेल्या बाईपासून कुरण लपवत होते. मी डोकं आपटून घेतलं, पण पिढ्यान्‌पिढ्यांची भीती अशी एका आठवड्यात जात नाही.

मी मात्र माझी शेकोटी दाखवली. तिची डावी बाजू कोरीव दगडांची आहे, चार पेडांची वेल आणि मधे मधे गुलाब. मिस व्हेनेबल्स गुडघ्यांवर बसली आणि बोटाने एकेक पेड मोजू लागली.

“ही दाराची कमान आहे,” शेवटी ती म्हणाली. “राजाच्या दालनाचं दार. ही डावी बाजू. उजवी कुठे आहे?”

“एनॉक टॉमलिनच्या गोठ्याला.”

ती उड्या मारत गेली आणि तासाभराने पाय ओढत आली. एनॉकने आदल्याच दिवशी गोठ्याच्या दारावर चुन्याचा गिलावा फासला होता. पाण्याची एवढी टंचाई, तरी भांडी विसळलेल्या पाण्यात त्याने चुना कालवला होता.

“ते म्हणाले, आधी रडांनी डोकं परत करावं, मग गिलावा काढतो. कसलं डोकं, मिस रड?”

“मला काय ठाऊक,” मी म्हटलं, आणि बटाटे सोलायला घेतले. गरजेपेक्षा दुप्पट सोलले.

आता तुम्हाला सांगते, कारण तिला तेव्हा सांगितलं नाही.

बावीस सालापर्यंत ती कमान कुरणात उभी होती. माझा बाप जोसाया रड आणि एनॉकचा बाप एझ्रा टॉमलिन हे जिवाभावाचे मित्र. जूनमधल्या सणाच्या सोमवारी गाव सहलीला गेलं असताना दोघांनी घोडा आणि साखळी लावून ती पाडली. डावी बाजू आमची, उजवी त्यांची, इथवर ठीक. भांडण लागलं ते मधल्या दगडावरून. दोन्ही बाजू ज्याला टेकतात त्या दगडावर एक डोकं कोरलेलं होतं. गाव त्याला राजाचं डोकं म्हणायचं. राजा कसला! गालाला हात लावून, तोंड वाकडं करून बसलेला दाढदुखीचा माणूस होता तो. कारागिराने कुणाची तरी फिरकी घेतली असणार. पण दोघांनाही तो हवा होता. संध्याकाळी एझ्राने पहार उचलली आणि माझ्या बापाने कुऱ्हाड. माझी आई किंचाळली तेव्हा कुठे दोघे थांबले. ठरलं, की सकाळी थंड डोक्याने बघू. तो दगड उताराच्या तोंडाशी दोन गोल ओंडक्यांवर, लाकडी पाचर लावून ठेवला होता.

सकाळी मी हंसांना सोडायला गेले. नऊ वर्षांची होते. मला वाटलं, डोकं नसलं तर भांडण नसेल. मी पाचर लाथेने उडवली. ओंडके फिरले, दाढदुख्या उतारावरून गडगडत गेला आणि तळ्यात बुडाला. मागोमाग गाई पाण्यावर आल्या आणि काठ तुडवून गेल्या. कसलीही खूण उरली नाही.

भांडण संपलं नाही. एझ्रा म्हणाला, जोसायाने चोरलं. माझा बाप म्हणाला, एझ्राने. मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते, पण त्या रविवारी एझ्राने चर्चच्या दारात साऱ्या गावासमोर माझ्या बापाला चोर म्हटलं, बापाने त्याचा दात पाडला, आणि माझी वाचाच बसली. त्या दिवसापासून रड आणि टॉमलिन एकमेकांशी बोलले नाहीत. मी एनॉकच्या दोन्ही पोरांना शाळेत आठ वर्षं जेवण वाढलं आणि त्यांना नावाने हाक मारली नाही. कस्टर्ड मात्र सगळ्यांइतकंच वाढलं. खोटं कशाला बोलू, एक-दोनदा करपलेलं वाढलं.

आणि गावाने एझ्राचं ऐकलं. माझा बाप सत्तावीस वर्षं चोर म्हणून जगला आणि चोर म्हणून मेला. हा काटा मी रोज गिळत आले.

आता ऑगस्टमध्ये पाणी दोन खाचांवर आलं. मला बसवेना, उठवेना. रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा तळ्याच्या पाच चकरा. वरती नाक दिसलं तर? कुणी आधी बघितलं तर? गाव म्हणेल, बघा, जोसायानेच टाकलं होतं, चोर तो चोरच. मी भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, उकडलेल्या कोबीचं पाणी, सगळं बादलीने नेऊन तळ्यात ओतू लागले.

माव्हिसने मला पकडलं.

“अगं हेस्टर, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझे टोमॅटो तडफडून मेले, आणि तू तळ्यात पाणी ओततेस?”

“बदकांसाठी.”

“बदकं? ती केव्हाच नदीवर गेली. तुझ्यापेक्षा अक्कल आहे त्यांना.”

“तू तुझा तो टॉवेल काढ आधी. सगळा रंग उडालाय.”

“मी का काढू? तुझी ती पाहुणी उद्या म्हणेल, पायरी सरकारजमा. मग लोकांनी पोस्टात काय उड्या मारत यायचं?”

“ती न्यायला नाही आली गं बाई, लिहायला आली आहे.”

“राजाचा तो कारभारी आला होता, तोही लिहायलाच आला होता.”

बादली उलटी करून मी घरी आले.

पंचवीस तारखेला, बुधवारी, मिस व्हेनेबल्सने वह्या गोळा करायला घेतल्या. तिची यादी शुक्रवारी जायची होती. यादीत होती कुरणातली भिंत आणि माझी शेकोटी. बस.

“मधला दगड मिळाला असता,” ती म्हणाली, “तर त्याच्या दोन्ही अंगांना हीच वेल असती. तुमची बाजू आणि टॉमलिनांची बाजू एकाच दाराची, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आता काय, शेकोटीचे चार दगड. म्हणतील, कुठूनही आणले असतील.” तिने वहीला रबर लावलं. “तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी.”

‘खूप केलंत’ हे मला सहन झालं नाही. मी एप्रनसकट उठले आणि चालू लागले.

तळ्यावरून गेले. एक खाच. काठीपासून तीन हातांवर चिखलात काहीतरी गोल, करडं, ओलं दिसत होतं. मी थांबले नाही. टॉमलिनांच्या फाटकाची कडी मला सापडेना. त्या फाटकाला मी नऊ वर्षांची असल्यापासून हात लावला नव्हता.

एनॉक गोठ्यापुढे होता. कुरणात चारा उरला नव्हता म्हणून हिवाळ्यासाठी राखलेलं वाळलं गवत तो ऑगस्टातच गाईंना घालत होता. पासष्टीचा, वाकलेला, कानावर नेहमीची पेन्सिल.

“वाट चुकलीस का, हेस्टर रड?” तो मान न वळवता म्हणाला.

“नाही चुकले. ऐक. डोकं तळ्यात आहे. माझ्या बापाने नाही चोरलं. मी ढकललं. मी, एकटीने. झालं, सांगितलं.”

त्याने हातातला काटा गवताच्या गंजीत खुपसला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“पाचर पहिल्या लाथेत निघाली नाही. दुसऱ्यांदा मारलीस. पायात बूट नव्हते, म्हणून मग पाय धरून बसलीस. हंस ओरडत होते.” आता त्याने माझ्याकडे बघितलं. “मी गाई आणायला आलो होतो. कुंपणापलीकडे होतो.”

मी गोठ्याच्या दाराला हात लावला. हाताला चुना लागला.

“आणि तू बोलला नाहीस? मेल्या, तू बोलला नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. आधी वाटलं, न्याहारीला सांगेल. मग वाटलं, रविवारी. रविवारी आमच्या म्हाताऱ्याने चर्चच्या दारात ते आरडून सांगितलं. त्यानंतर मी तोंड उघडलं असतं तर आमचा बाप साऱ्या गावात खोटा पडला असता. अकरा वर्षांचा होतो गं मी.”

“बारा झालास ना मग? वीस झालास ना? पन्नास झालास!” मी ओरडत होते, गाई बिचकून मागे सरल्या. “सत्तावीस वर्षं त्याला लोकांनी चोर म्हटलं! व्हीटशीफमध्ये तो आला की पेले मोजायचे! मरायला टेकला तेव्हा मला म्हणाला, ‘हेस्टर, एझ्राने कुठे लपवलं असेल गं ते?’ तुझ्या एका शब्दाने...”

“आणि तू काय सांगितलंस त्याला?”

त्याने चढ्या आवाजात विचारलं नाही. साधंच विचारलं.

“उशी नीट केली,” मी म्हटलं. “त्याच्या डोक्याखालची.”

त्याने काटा उपसला आणि गाईंपुढे आणखी गवत टाकलं.

“आमचा म्हातारा म्हणाला होता,” एनॉक म्हणाला, “‘रडांकडून डोकं आणल्याशिवाय मला पुरू नका.’ मी म्हटलं, ‘बरं.’ आणि शनिवारी पुरला.” त्याने नाक पुसलं. “पाणी किती आहे?”

“एक खाच.”

“कसली खाच?”

“तू चल तर.”

तो दोर घेऊन ट्रॅक्टरवर बसला, मी पुढे चालले. तळ्यात मीच उतरले; त्याचे गुडघे गेलेले आहेत आणि ढकललं मी होतं. चिखल पोटरीपर्यंत गरम होता. दाढदुख्या उताणा पडला होता, एक गाल वर. मी त्याच्या मानेभोवती दोर बांधला आणि हात केला. ट्रॅक्टर गुरगुरला, चिखलाने मोठा आवाज करून त्याला सोडलं, आणि तो काठावर येऊन पडला. मी एप्रनने त्याचं तोंड पुसलं. तसाच होता. गालाला हात, तोंड वाकडं, एक डोळा मिटलेला. मी त्याच्याशेजारी बसून हुंदके देऊन रडले, आणि एनॉक ट्रॅक्टरला टेकून दुसरीकडे बघत उभा राहिला.

तोवर बांधावर अर्धं गाव जमलं होतं. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून किंग्ज थॉर्बीत कुणी घरात बसत नाही.

“सापडली का बदकं?” माव्हिस वरून ओरडली.

मिस व्हेनेबल्स उतारावरून घसरत आली. दगडाच्या डाव्या अंगावरून तिने बोट फिरवलं: चार पेड, गुलाब. उजव्या अंगावरून फिरवलं: चार पेड, गुलाब. मग तिने एनॉककडे बघितलं. तो गोठ्याकडे वळला, आम्ही सगळे त्याच्यामागून गेलो, आणि त्याने हातोडीने आपल्याच गिलाव्याचे पोपडे पाडले. आठ दिवसांचा चुना, पटापट निघाला. खाली वेल होती.

“टॉमलिनने स्वतः उघडा केला?” मागे जेपसन कुजबुजला. “मग आपणच कशाला...”

माव्हिसने गळा साफ केला. “माझी पायरी पण लिहा, बाई. पण आम्ही आलो तेव्हा ती इथेच होती हं.”

मग जी रांग लागली! जेपसनने पोती काढली, पबवाल्याने लाकडं हलवली. अंधार पडायच्या आत चाळीस दगड लिहून झाले. आकार, नक्षी, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात ‘कसा आला’. त्या रकान्यात मिस व्हेनेबल्सने चाळीस वेळा एकच उत्तर लिहिलं आणि एकदाही हसली नाही.

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “डोकं. हे कसं आलं?”

आम्ही व्हीटशीफच्या अंगणात होतो. दाढदुख्या बाकावर ठेवलेला होता, दोन पेल्यांच्या मधे.

“मी ढकललं,” मी म्हटलं. “बावीस साली, जूनमध्ये. नऊ वर्षांची असताना. आणि पुढे लिहा: जोसाया रडने हे चोरलं नव्हतं.”

तिची पेन्सिल थबकली. “मिस रड, यादीत... तसा रकाना नाही.”

“मग आखा,” एनॉक म्हणाला.

तिने आखला.

पाऊस शनिवारी आला. खाचांची काठी वाहून गेली, मी ती शोधली नाही. सुनावणीत कंपनीच्या तज्ज्ञाला मिस व्हेनेबल्सने विचारलं म्हणे, की तुमच्याकडच्या मेंढ्यांना गुलाबाच्या कमानीतून आत घेतात का. कुरण राहिलं. कुणाचाही दगड कुणी नेला नाही. माव्हिसला तर जरा वाईटच वाटलं. दाढदुख्या चर्चच्या खिडकीत बसवला, आणि दात दुखणारी पोरं आता त्याला बघायला जातात.

नोव्हेंबरात छापील यादी टपालाने आली. गुरुवार होता. गुरुवारी एनॉक माझ्याकडे चहाला येतो आणि केक कोरडा झालाय म्हणून सांगतो. माझा चष्मा वर राहिला होता म्हणून त्यानेच पाकीट फोडलं आणि वाचलं.

“एकेचाळीस. मानवी शीर्ष, कमानीचा मधला दगड, दाढदुखी. घोडतळ्यातून. चोरीचा नाही.”

“पुढे?”

“एवढंच आहे.”

“नाव नाही त्याचं?”

त्याने कागद उलटून बघितला. नाव नव्हतं. कार्यालयात कुणीतरी वाक्य आखूड केलं होतं, त्यांना तरी काय कल्पना. मी म्हटलं, “असू दे,” पण माझा आवाज मलाच आवडला नाही.

एनॉकने कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि त्या ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत लिहू लागला. शाळा लवकर सुटलेला माणूस, त्याला वेळ लागला. लिहून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे सरकवला. चष्म्याशिवायही वाचता येईल एवढी मोठी अक्षरं होती.

जोसाया रडने चोरलं नव्हतं. मी पाहिलं होतं. एनॉक, एझ्रा टॉमलिनचा मुलगा.

“चहा गार झाला,” तो म्हणाला. मी दुसरा ओतला.